उंदरांचं माणसाला लागू नाही म्हणे

काल घरच्या ग्रुपवर काकांनी मेसेज टाकला. ‘कीटकनाशकाने पुरुषाचे शुक्राणू कमी होतात ही अफवा. प्रयोग फक्त उंदरांवर झालेत. औषध किड्यांवरच चालतं. फवारून आल्यावर गूळ-दूध घ्या, विष उतरतं. मूल होत नसेल तर बाईची तपासणी करा.’ त्याच ग्रुपमध्ये दादा-वहिनी आहेत, लग्नाला सहा वर्षं झालीत. म्हणून गप्प बसवत नाही.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशकं किड्याच्या शरीरातलं जे एन्झाइम बंद पाडतात, तेच आपल्याही शरीरात असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसावर माणसं गेली, ती विसरलात? गूळ-दुधाने तर काही उतरत नाही.

आता उंदीर. प्रयोगात त्यांना दिलेला डोस बऱ्याचदा शेतात अंगाला लागतो त्याहून खूप मोठा असतो, हे खरं. तो आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, मान्य. पण डीबीसीपी हे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, मारायचं औषध घ्या. त्याने उंदरांचे वृषण आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आलं होतं, तरी विक्री चालूच राहिली. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपच्या कारखान्यात ते बनवणारे कामगार आपसात बोलता बोलता चमकले, की आपल्यात कित्येकांना मूलच होत नाहीये. तपासलं, तर काहींच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही. उंदरांनी सोळा वर्षं आधी सांगितलं होतं!

आणि माणसांवरचे अभ्यासही आहेत. २०२३ मध्ये १,७७४ पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली. ऑर्गनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यातलेच) आणि कार्बामेट या गटांतल्या कीटकनाशकांशी ज्यांचा संबंध जास्त, त्यांच्यात शुक्राणूंचं प्रमाण कमी निघालं.

काकांच्या मेसेजमधल्या शेवटच्या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दादाच्या पंपाचं झाकण गळतं. औषध पाठीवरून कमरेत उतरतं, पँट भिजते आणि संध्याकाळपर्यंत तशीच अंगावर असते. १९७१ च्या एका प्रयोगात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या हाताच्या कातडीतून सुमारे ९ टक्के आत गेलं, वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. वहिनीच्या सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्या झाल्या, उपासतापास झाले. दादाची साधी वीर्यतपासणी सहा वर्षांत एकदाही नाही.

काका, तो मेसेज काढा. पंपाचं वायसर मी आज बदललंय, आणि मंगळवारी दादाला तालुक्याला तपासणीला नेतोय.