टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासू नका

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र. पावसाळा लागला की गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत तोच मेसेज फिरायला लागतो: ‘गाडी चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर ठीक, बंद पडलं तर गेला. इंजिन मिसिंग मारत (मधेच झटके खात) असेल तर त्याचा चार्जिंगशी संबंध नाही. आणि बॅटरीचा लाल दिवा लागला तर सरळ नवी बॅटरी घाला.’

टर्मिनल काढणं हा जुन्या मिस्त्रींचा हातखंडा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जळण्यासारखं फारसं काही नव्हतंच, तेव्हा ते खपून गेलं. पण बॅटरी वीज साठवते तसे विजेचे धक्केही पचवते. अल्टरनेटर भरात असताना तिला तोडली तर रोटरचं, म्हणजे त्याच्या आतल्या फिरत्या चुंबकाचं, चुंबकत्व लगेच उतरत नाही, तयार वीज जायला वाट नाही, आणि क्षणभर व्होल्टेज चौदा व्होल्टवरून कित्येक पटींनी उसळतं. ते झेलतात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), मीटर आणि खुद्द अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे भाग). दर वेळी काही जळतंच असं नाही. म्हणूनच ‘मी दहा वेळा केलंय’ म्हणणारे भेटतात.

बरं, एवढं करून उत्तर तरी खरं मिळतं का? एखादा डायोड गेलेला अल्टरनेटरही इंजिन आरामात चालू ठेवतो. रात्री, पावसात, पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत हेडलाइट-वायपर-एसी एकदम लागले की मग तो हात टेकतो. उलट, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या कित्येक डिझेल गाड्या अल्टरनेटर मेला तरी चालत राहतात.

त्यापेक्षा साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावं, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. मग दिवे, ब्लोअर, वायपर सगळं लावून थोडी रेस द्या. आकडा १३ च्या खाली घसरला तर शंका घ्या. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो. तिथे एकदा १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर उतरवू नका.

मिसिंगचं म्हणाल तर संबंध असतो. व्होल्टेज पडलं की ठिणगी अशक्त होते, पेट्रोल पंप मंदावतो. चार्जिंग नीट निघालं तरच प्लग-कॉइलकडे वळा.

लाल दिवा सांगतो की चार्जिंग होत नाही. बॅटरी गेली असं तो म्हणतच नाही. बेल्ट, ब्रश, रेग्युलेटर, काहीही असू शकतं. सोबत टेंपरेचरचा काटा चढत असेल तर गाडी तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो.

आणि दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. माझ्या गाडीत तो कधी लागलाच नव्हता, तरी सकाळी सेल्फ उचलेना. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घातली, आठवड्यात तीही बसली. शेवटी इंजिन चालू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट हवं, दाखवत होतं ०.९. इंजिनाची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी तार, खाऱ्या हवेने आतून हिरवी पडली होती, वरून रबर नवंकोरं. पट्टी बदलली. आधी ‘मेली’ म्हणून काढलेली बॅटरी चार्ज करून भावाच्या पिकअपला लावली, ती अजून चालतेय.