‘सगळं आणा, मग गाळा’ म्हणणाऱ्यांना

इंदूरच्या आमच्या मराठी प्रोग्रामर मंडळींत एक सल्ला जोरात फिरतोय: ‘सिलेक्ट स्टार’ने, म्हणजे सगळं मागणाऱ्या एसक्यूएल क्वेरीने, डेटाबेसमधलं अख्खं टेबल उचला आणि वेबसाइटच्या पीएचपी स्क्रिप्टमध्ये लूप फिरवून, इफ लावून हव्या त्या ओळी ठेवा. म्हणे डेटाबेसवरचा ताण कमी होतो, निकाल तोच येतो आणि एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरच्याने फॉर्ममधून क्वेरीत आपला हुकूम घुसवण्याची) भानगड राहत नाही.

ताण कमी होत नाही, वाढतो. क्वेरीत व्हेअर, म्हणजे ओळी निवडायची अट, नसेल तर डेटाबेसला सगळं टेबल वाचून सगळ्या ओळी पाठवाव्याच लागतात. भुट्ट्याचा कीस खायचाय म्हणून सराफ्याची अख्खी खाऊगल्ली घरी मागवण्यातला प्रकार. त्यात मायएसक्यूएल या डेटाबेसचा पूर्ण निकाल पीएचपी मेमरीत भरून घेतं, आणि तिथली मूळ मर्यादा 128 एमबी. हां, व्हेअरही नीट लिहायला हवा. ‘इयर(तारीख) = 2024’ लिहिलंत तर तारखेवरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नुसता पडून राहतो; सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या.

‘निकाल तोच’ हे तर साफ चूक. एखाद्या मंडळाची सभासद यादी घ्या, पानावर 20 नावं. क्वेरीत ‘लिमिट 20’ (फक्त 20 ओळी) आणि रामबाग वस्तीची चाळणी स्क्रिप्टमध्ये, की पहिल्या पानावर तीन नावं, दुसरं कोरं, तिसऱ्यावर अकरा. ‘रामबाग सोडून बाकीचे’ मागा: ज्यांच्या वस्तीचा रकाना नल, म्हणजे न भरलेला, आहे ते एसक्यूएलच्या <> मध्ये गळतात, पीएचपीच्या !== मध्ये (दोन्ही चिन्हं ‘वेगळं’ची) मात्र टिकतात. इंग्रजी अक्षरांतला लहान-मोठा फरक मायएसक्यूएलचं नेहमीचं कोलेशन (अक्षरं ताडून पाहायचे नियम) मानत नाही, पीएचपी मानतं. दोन्हीकडे आकडे वेगळे आले की खजिनदार तुम्हालाच फोन करणार.

इंजेक्शनवर उपाय प्रीपेअर्ड स्टेटमेंट: क्वेरी आधी ठरते, किमती नंतर प्लेसहोल्डरच्या रिकाम्या जागी बसतात. रकान्याचं नाव तेवढं प्लेसहोल्डरमधून जात नाही, ते ठरलेल्या यादीतूनच निवडा. उलट सगळं आणलंत तर नको त्यांचे फोन नंबरही स्क्रिप्टच्या हाती येतात. तपासणीसाठी टाकलेला एक व्हार-डंप (व्हेरिएबलमधलं सगळं छापणारा हुकूम) काढायचा राहिला की ते पानावर झळकले.

पन्नास ओळींच्या टेबलाला यातलं बरंचसं जाणवणारही नाही. आणि स्क्रिप्टनेच एनक्रिप्ट केलेला, किल्ली तिच्याकडेच असलेला रकाना उलगडून तपासायचा असेल तर स्क्रिप्टला पर्याय नाही. तेव्हाही वस्ती आणि थकलेली वर्गणी या अटी व्हेअरमध्ये टाका, उरलेल्या ओळींवर लूप फिरवा.