बिबट्याची मादी सूड घेत नाही

निफाड-सिन्नर-दिंडोरीकडं बिबट्याचा हल्ला झाला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो: "ऊसतोडीत पिल्लं उचलली म्हणून मादी गावावर सूड उगवतेय. सूड हाच निसर्गनियम, क्षमा हे माणसाचं थोतांड. आपणही जशास तसंच वागावं." ज्यांचं लेकरू गेलं त्यांच्या दुःखावर हे खपवलं जातं, याचा मला संताप येतो.

आधी पिल्लांचं. उसात आडोसा असतो, पाणी असतं, जवळ वस्तीवरची कुत्री असतात, म्हणून मादी तिथंच विते. तोडणीत पिल्लं सापडली की वनविभागाची माणसं ती तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवतात, आपण टोमॅटो भरतो तसल्याच. समोर कॅमेरा लावतात. अंधारात मादी येते, हुंगते, पिल्लाची मानगूट तोंडात धरते आणि निघून जाते. पिल्लाजवळ गेलात तर ती अंगावर येईल, पण तो बचाव झाला. दिवेलागणीला अंगणातल्या पोरावर झडप पडते ती भक्ष्य समजून. पिल्लं कुणी उचलली याचा हिशेब त्यात नसतो. फडात पिल्लू दिसलं तर तोड थांबवा, १९२६ वर वनविभागाला कळवा.

नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उतरतो, हेही त्याच मेसेजात असतं. त्याला काडीचा आधार नाही.

क्षमा थोतांड? नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींवर फ्रान्स द वाल आणि अँजेलिन फान रोस्मालेन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये निबंध लिहिला. नुकतेच भांडलेले दोघे थोड्याच वेळात एकमेकांजवळ येतात, मिठी मारतात, मुके घेतात. शेळ्यांत आणि तरसांतही भांडणानंतरची अशी जवळीक नोंदली गेली आहे. ज्यांच्यासोबत चरायचं, शिकार करायची, त्यांच्याशी कायमचं वैर परवडत नाही.

चिंपांझी बदलाही घेतात, हे खरं. जर्मनीतल्या लायपझिगच्या २००७ च्या प्रयोगात, खाणं पळवणाऱ्याचं टेबल दोरी ओढून पाडायची सोय होती आणि त्यांनी ती वापरली. पण माणसानंच खाणं काढून शेजारच्या चिंपांझीला दिलं, तेव्हा त्या शेजाऱ्यावर त्यांनी तसा राग काढला नाही. आपल्याकडं मात्र आजोबांनी कोरलेल्या बांधाचं वैर नातवंडं कोर्टात चालवतात, म्हणजे ज्यानं कोरलाच नाही त्याच्याशी. २००७ च्याच १५ ऑगस्टला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती असली प्रकरणं गावातच तडजोडीनं मिटावीत म्हणून. गावच्या तंटामुक्ती समितीपुढं हात मिळवणारे भाऊबंद निसर्गाविरुद्ध काहीही करत नाहीत.