समोरचे टक्कल जरा खाली घ्या

सॅन फ्रान्सिस्को शहर मी उघड्या टपाच्या बसमधून पाहिले, हे आता कागदोपत्री सिद्ध करता येईल, कारण तिकिटाचा तुकडा अजून पाकिटात आहे. प्रत्यक्षात त्या बसमधून मी सर्वांत निवांतपणे जे न्याहाळले, ते माझे स्वतःचे बूट होते. शहरातील प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ जवळ आले की मला मान खाली घालावी लागत असे आणि ते स्थळ मागे पडले की मान वर करण्याची परवानगी मिळत असे. ही परवानगी देणारा माणूस बस कंपनीचा नव्हता की पोलीस खात्याचा नव्हता. तो माझ्या मागच्या बाकावर बसलेला एक सहप्रवासी होता आणि त्याच्या हातात काठीला लावलेला मोबाइल होता. माझी मान अजून दुखते आहे, तेव्हा या लेखात कुठे समतोल ढळलेला दिसला तर तो मानेचा दोष समजावा.

ऑगस्ट महिना होता. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ऊन असते, या समजुतीने मी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून वरच्या मजल्यावर पुढची जागा पटकावली. कॅलिफोर्नियात ऊन असतेच. ते फक्त या शहरात नसते. राज्याच्या मधल्या खोऱ्यात उन्हाळ्यात जमीन तापते, तिथली गरम हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची हवा आत ओढली जाते. किनाऱ्यालगतचे पाणी खोलातून वर येत असल्यामुळे विलक्षण थंड असते, त्यामुळे ही हवा येते ती धुके घेऊनच, आणि किनाऱ्यावरच्या डोंगररांगेत तिला शिरायला जी मोठी फट सापडते, नेमक्या तिच्या तोंडाशी हे शहर वसवलेले आहे. आत खोऱ्यात जितके अधिक उकडेल तितके इथे अधिक कुडकुडायचे, अशी ही निसर्गाची व्यवस्था आहे. इथल्या लोकांनी धुक्याचे ‘कार्ल’ असे बारसे केले आहे आणि आज कार्ल किती वाजता येणार, याची ते आपुलकीने चौकशी करतात. बंदराजवळच्या दुकानांतून शहराचे नाव छापलेले जाड स्वेटर ढिगाने टांगलेले असतात. ती पर्यटकांची हौस असावी असे मला आधी वाटले होते, ती वैद्यकीय सेवा आहे हे बस सुटल्यावर कळले. पहिल्याच चढावर बस वळली, वारा बाजूने आला आणि माझी टोपी घेऊन गेला. माझ्या तोंडून एक ठसठशीत मराठी शब्द निघून गेला, पण वाऱ्यात तो कोणी ऐकला नसावा.

टोपी गेल्यामुळे माझे टक्कल उघडे पडले.

“हॅलो सर, हेड डाउन प्लीज,” असा मागून आवाज आला. या शहरात विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या तारा रस्त्यांवर आडव्यातिडव्या पसरलेल्या आहेत आणि वरच्या मजल्यावर कोणीही उभे राहू नये, असे आमची गाईड ध्वनिक्षेपकावरून सारखे बजावत होती. एखादी तार अंगावर येत असावी, अशा समजुतीने मी तत्परतेने वाकलो. तार आली नाही. त्याऐवजी माझ्या पाठीवरून शुद्ध, खणखणीत मराठी वाहू लागले : “तर मंडळी, आता आपल्याला दिसतंय ते शहराचं मुख्य केंद्र. मघाशी मध्ये एक टक्कल येत होतं, ते आपण काढलेलं आहे.”

काढलेले आहे! मी हळूच वळून पाहिले. गृहस्थ निवृत्तीनंतरच्या उत्साही वयातले होते. कानटोपी, मफलर, विंडचीटर आणि हातमोजे, अशी त्यांची तयारी होती. मोबाइलच्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींतून त्यांचे गणगोत दाटीवाटीने बसलेले होते. तिकडे जवळजवळ मध्यरात्र झाली होती आणि तरीही सगळे जागे होते, किंवा जागे ठेवलेले होते. शेजारी त्यांच्या पत्नी शालीत मिटून बसल्या होत्या आणि त्यांची नजर शहरावर नव्हती, मोबाइलवरही नव्हती. ती बस परत कधी फिरते याकडे होती.

मी मराठी आहे, हे त्या वेळी न सांगण्याचा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला आणि तो आजही मला योग्य वाटतो. परदेशात मराठी माणूस भेटला की आधी गाव, मग आडनाव, मग मुलगा कोणत्या कंपनीत आहे आणि शेवटी त्याचा व्हिसा कुठवर आला, इतक्या पायऱ्या उतरल्याशिवाय सुटका होत नाही, आणि मला शहर पाहायचे होते. त्यामुळे मी चेहरा निर्विकार ठेवला. “हा मेक्सिकन दिसतोय,” असा गृहस्थांनी मंडळींना खुलासा केला. “अहो, त्यांना कळत असेल,” असे बाई म्हणाल्या. “त्याला काय कळतंय? बघ, ढिम्म हलत नाही. सर, हेड डाउन.” मी हललो.

वाकण्याचे मला तितके दुःख नव्हते. वाकलेल्या अवस्थेत जे ऐकावे लागले, त्याचे होते. या सहलीसाठी मी आधी भरपूर वाचन केले होते, आणि आपल्याला नक्की ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल कानाशी चुकीची माहिती दिली जात असताना गप्प बसणे म्हणजे दोन्ही हातांत जड पिशव्या असताना पाठीला मधोमध खाज सुटणे आहे. एक केबल कार घंटा वाजवत चढ चढत गेली. “ही बॅटरीवर चालते,” असे गृहस्थांनी सांगितले. त्या गाडीत बॅटरीही नसते आणि इंजिनही नसते! रस्त्याखालच्या खाचेतून एक पोलादी दोर ताशी साधारण पंधरा किलोमीटर वेगाने अखंड फिरत असतो आणि गाडीवरचा माणूस भल्यामोठ्या दांड्याने तो दोर चिमटीत पकडतो, की गाडी चालते; सोडतो, की थांबते. अँड्र्यू हॅलिडी यांनी 1873 साली क्ले स्ट्रीटवर ही युक्ती चालवून दाखवली. हे सगळे माझ्या जिभेवर आले होते आणि मी ते बुटांकडे पाहत गिळले.

पुढे टेकडीच्या उतरणीवरून समुद्रातले अल्काट्राझ बेट दिसले, म्हणजे इतरांना दिसले. “मंडळी, हे त्यांचं अंदमान,” गृहस्थांचा आवाज सद्गदित झाला. “इंग्रजांनी अमेरिकन क्रांतिकारक इथेच डांबले होते.” मोबाइलमधून कोणीतरी वडीलधाऱ्या आवाजात “अरेरे” म्हणाले. अल्काट्राझवर 1934 ते 1963 या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारचा तुरुंग होता आणि तिथे अल कपोनसारखे नामांकित गुंड ठेवलेले होते. ज्या माणसाला शेवटी प्राप्तिकर बुडवल्याबद्दल शिक्षा झाली, त्याच्यासाठी आमच्याकडचे एक अख्खे कुटुंब मध्यरात्री हळहळले, आणि मी मेक्सिकन असल्यामुळे काही करू शकलो नाही.

लोंबार्ड स्ट्रीटच्या बाबतीत तर हद्द झाली. सत्तावीस टक्के उताराचा हा रस्ता मोटारींना झेपेना, म्हणून 1922 साली त्याला आठ वेढे घालून नागमोडी करण्यात आले. पर्यटकांच्या बसला त्यावर प्रवेश नाही. गाईड लांबून हात दाखवते आणि बस सरळ निघून जाते. गृहस्थांनी मात्र आम्ही ज्या साध्या, सरळ, निरुपद्रवी रस्त्यावरून जात होतो त्यालाच लोंबार्ड स्ट्रीट म्हणून घोषित केले आणि वेढे दिसावेत म्हणून मोबाइलची काठी हाताने डावीउजवीकडे हलवली. त्या हलवण्यात काठी एकदा माझ्या कानाला लागली. “सॉरी सर,” आणि लगेच मराठीत : “मंडळी, वळणं फार अवघड आहेत.”

आता कोणी म्हणेल, वाकला कशाला? त्याचे कारण गाईड. ती उमद्या स्वभावाची, मोठ्या आवाजाची मुलगी होती आणि तिने तिसऱ्या-चौथ्या वेळी मला वाकताना पाहिले. ‘पुढच्या बाकावरचे गृहस्थ मागच्यांसाठी किती सौजन्याने खाली वाकत आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत,’ असे तिने ध्वनिक्षेपकावर जाहीर केले आणि अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. काठी काखेत धरून गृहस्थांनीही वाजवल्या. ज्या माणसाच्या सौजन्याचा असा जाहीर सत्कार झाला आहे, त्याने त्यानंतर ताठ बसायचे तरी कोणत्या तोंडाने? अलामो स्क्वेअरसमोरची ती रंगीत लाकडी घरे आली तेव्हा कोणी सांगण्यापूर्वीच माझी मान खाली गेली. ‘ही घरं भूकंपानंतर बांधली,’ असे मागून ऐकू आले. ती 1892 ते 1896 च्या दरम्यान बांधलेली आहेत. 1906 च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर शहराला लागलेली आग व्हॅन नेस अव्हेन्यूच्या रुंद रस्त्यापाशी अडवली गेली, त्यामुळे पलीकडची ही घरे वाचली. आगीतून वाचलेल्या वस्तूला आगीनंतरची म्हणणे हा त्या वस्तूचा अपमान आहे, आणि तोही मी बुटांच्या नाड्यांना समजावून सांगितला.

मला खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. जो माणूस जागेवर आलेला आहे, ज्याने तिकीट काढले आहे, जो थंडीत काकडतो आहे, त्याने न पाहता वाकायचे, ते कशासाठी? तर जी माणसे हजारो मैलांवर पांघरुणात आहेत, जांभया देत आहेत आणि ज्यांच्यापैकी निम्म्यांनी मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला आहे, त्यांना दिसावे म्हणून. आणि दाखवणारा तरी कुठे पाहत होता? तो पडद्यात पाहत होता. म्हणजे त्या भागापुरते शहर कोणीच पाहिले नाही. बस कंपनीला याचे काहीच वाटत नाही. तिकिटाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे, की हवामानामुळे दृश्य न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत. सहप्रवाशामुळे न दिसल्यास काय, याविषयी कलमच नाही. वरच्या मजल्याच्या पुढच्या जागेसाठी लोक रांगेत धक्काबुक्की करतात, ती जागा म्हणजे मागच्यांच्या चित्रीकरणातला अडथळा आहे, हे रांगेत उभे असताना कोणी सांगत नाही.

बस गोल्डन गेट पुलावर चढली तेव्हा कार्ल पुरता उतरलेला होता. 227 मीटर उंचीचे ते मनोरे, जवळजवळ तेराशे मीटरचा तो मधला गाळा, कशाचाही मागमूस नव्हता. बसच्या कठड्यापलीकडे पांढरे होते आणि त्या पांढऱ्यातून वारा येत होता. खालून कुठूनतरी एक खोल भोंगा वाजला. “जहाज!” गृहस्थ ओरडले. ते जहाज नव्हते. जहाजांनी आदळू नये म्हणून पुलावरच बसवलेले ते धुक्याचे भोंगे आहेत. “तर मंडळी, हा जगप्रसिद्ध सोनेरी पूल. याला पूर्वी खरा सोन्याचा मुलामा होता. नंतर सोनं महागलं, म्हणून केशरी रंग दिला. सर, हेड डाउन प्लीज.”

मी उठून उभा राहिलो. उभे राहू नये हा नियम मला माहीत होता, पण पुलावर तारा नसतात.

“काय दिसतंय तिकडे,” मी म्हणालो, “जे माझ्या डोक्यानं अडतंय?”

बसच्या वरच्या मजल्यावर माझा आवाज जरा जास्तच मोठा उमटला. गृहस्थांचा जबडा मफलरच्या बाहेर आला. मला आता थांबणे शक्य नव्हते. गोल्डन गेट हे मुळात पुलाचे नाव नसून खालच्या सामुद्रधुनीचे आहे, अमेरिकी लष्करातले अधिकारी जॉन फ्रीमाँट यांनी ते 1846 साली, कॅलिफोर्नियात सोने सापडण्याच्याही आधी दिले, पूल 1937 च्या मे महिन्यात खुला झाला, पोलाद कारखान्यातून आले तेव्हाच त्यावर तांबूस रंगाचा हात होता, तो आयर्विंग मॉरो या वास्तुशिल्पकाराला आवडला म्हणून हा केशरी रंग ठरला, आणि नौदलाचे ऐकले असते तर पूल काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा झाला असता, हे सर्व मी वाऱ्यात एका दमात सांगितले. केबल कारही सांगितली. कपोनही सांगितला. गाईड ध्वनिक्षेपकावरून मला बसण्याची विनंती करत होती; आता तिच्या आवाजात टाळ्यांचा उत्साह नव्हता.

“म्हणजे तुम्ही मराठी?” गृहस्थ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शरम शोधण्याचा मी प्रयत्न केला. तिथे निखळ आनंद होता. “मग आधी नाही का सांगायचं? तुम्हालाच मोबाइल धरायला दिला असता!”

“मला टोपी उडाली तेव्हाच कळलं होतं,” बाई शालीतून म्हणाल्या. “भाऊ, तुम्ही जे बोललात ते ऐकलं मी.”

“मग मला सांगितलं नाहीस ते!”

“तुम्ही बोलू दिलंत का?”

सोन्याच्या मुलाम्याचे तेवढे मंडळींना दुरुस्त करून सांगा, अशी मी गृहस्थांना विनंती केली. ते म्हणाले, आता राहू द्या, एकदा सांगून झालेले आहे, उगाच सगळ्यांचा गोंधळ होईल. एवढ्यात मोबाइलमधल्या एका चौकटीतून लहान मुलाचा टवटवीत आवाज आला. इतका वेळ जागा असलेला बहुधा तो एकटाच होता.

“आजोबा, पूल जाऊ दे. त्या टकल्या काकांना परत उभं करा ना!”