दोन परगण्यांचं मीठ

ऑक्टोबर सरता सरता इंग्लंडातल्या आमच्या बक्स्टनच्या चढावरून रात्री पिवळा दिवा फिरवत एक अवजड ट्रक घरघरत जायला लागला, की माझ्या पोटात गोळा येतो. इतरांना त्याला पाहून हायसं वाटतं. म्हाताऱ्या पडद्याआडून कौतुकानं बघतात, पोरं हात हलवतात. स्कॉटलंडमध्ये तर लोकांनी या ट्रकांना नावंही ठेवली आहेत. एकाचं नाव ‘ग्रिटनी स्पिअर्स’, दुसऱ्याचं ‘सर सॉल्टर स्कॉट’. नावं तर मीही ठेवतो, पण ती चारचौघांत सांगण्याजोगी नसतात.

या ट्रकाला इथं ग्रिटर म्हणतात. रस्त्याचं तापमान शून्याच्या आसपास उतरणार असा अंदाज आला, की हा बाहेर पडतो आणि मागच्या फिरत्या थाळीतून मीठ उधळत जातो. नुसतं दहिवर गोठणार असेल तर चौरस मीटरला साधारण 10 ग्रॅम, बर्फ पडणार असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्यामुळे गाड्या घसरत नाहीत आणि माणसं वाचतात. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणूस वाचतो आणि मोटरसायकल मरते, तर तिच्या बाजूनंही कोणीतरी बोलावं.

मी राहतो बक्स्टनला आणि नोकरी मॅक्लसफील्डला. मध्ये पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि त्यांवरून वळणं घेत जाणारा ए 537 हा रस्ता. वरच्या खिंडीत ‘कॅट अँड फिडल’ नावाचा जुना पब होता, म्हणून रस्त्यालाही तेच नाव. उंची 500 मीटरच्या वर. उन्हाळ्यातल्या रविवारी अर्ध्या इंग्लंडातले मोटरसायकलवाले इथं वळणं घ्यायला येतात, आणि त्यांनी ती नको तितक्या वेगानं घेतल्यामुळे आता सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवलेत. डिसेंबरात यांतला एकही शूर दिसत नाही. तेव्हा रस्ता मेंढ्यांचा, ग्रिटरचा आणि माझा.

बक्स्टन डार्बीशरमध्ये, मॅक्लसफील्ड चेशरमध्ये. म्हणजे हद्द ओलांडेपर्यंत एका काउन्सिलचं, तिथल्या स्थानिक प्रशासनाचं, मीठ आणि पुढे दुसरीचं. माझी मोटरसायकल रोज दोन परगण्यांचं मीठ खाते. खाल्ल्या मिठाला जागायचं तर नेमकं कोणाच्या, हा पेच तिला पडत असणार. मग ती कोणालाच दुखवत नाही. दोन्ही बाजूंनी सारखीच गंजते.

या मिठाचा आणि आमच्या घराण्याचा जुना संबंध आहे. चेशरमध्ये विन्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथं 1844 साली लोक कोळसा शोधायला गेले आणि त्यांना सापडलं मीठ. ती खाण अजून चालू आहे आणि इथल्या रस्त्यांवरचं बरंचसं तांबूस, मातकट मीठ तिच्यातूनच येतं. एकोणिसाव्या शतकात हेच चेशरचं मीठ लिव्हरपूलच्या बंदरातून जहाजं भरभरून कलकत्त्याला जायचं. ज्या देशाला हजारो मैलांचा समुद्रकिनारा, त्या देशात मीठ विलायतेहून! माझं आजोळ शिरोड्याचं. तिथल्या मिठागरांवर 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आणि आज तेच साहेब तेच मीठ ट्रकानं रस्त्यावर फेकून देतात. शिरोड्याच्या मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पूर्वी मिठार कर लावल्यानी, आता तुझ्या गाडयेर मीठ मारतत. ह्येंचा काय खरा नाय.” मामाला मी सांगितलं नाही, की हे मीठ काउन्सिल टॅक्समधून येतं आणि तो टॅक्स मी दरमहा भरतो. सत्याग्रहींच्या गावच्या भाच्यानं अखेर मिठाचा कर भरलाच.

आता कोणी म्हणेल, मिठानं एवढं काय होतं? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. खिडकीचे गज दरवर्षी खरवडून रंगवावे लागतात, हे त्याला ठाऊक असतं. इथं खारा वारा नाही, पण खारं पाणी पुढच्या चाकावरून उडून थेट इंजिनावर, रेडिएटरवर आणि सायलेन्सरच्या पाइपावर येतं. अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर त्याची सगळी भिस्त. मिठातला क्लोराइड त्या पापुद्र्याला बारीक छिद्रं पाडतो आणि आत शिरतो. रंगाखाली पांढरी बुरशी उगवायला लागते. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये आवळलेला असेल तर आणखी मजा. मधे खारं पाणी शिरलं, की दोन धातू आणि द्रावण मिळून विजेचा घट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियमचा बळी जातो. शाळेत हा प्रयोग मी वहीत छान आकृती काढून लिहिला होता. आता तो गाडीखाली बारमाही चालू आहे. वर्षानं तो बोल्ट सोडवायला जावं, तर सगळी ताकद लावल्यावर अर्धा पान्याबरोबर बाहेर येतो आणि अर्धा इंजिनातच राहतो.

आणि रस्ता सुकला म्हणून मीठ झोपलं असं समजू नये. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीत होतं तेच. बक्स्टनच्या हिवाळ्यात आर्द्रता 75च्या खाली येते ती चुकून.

म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर गाडीला आंघोळ. मर्तिकाहून आलेल्या माणसासारखं तिला आधी बाहेर, थंड पाण्यानं नाहायला लागतं, मगच गॅरेजचा उंबरा ओलांडू द्यायचा. थंडच पाणी, कारण ऊब मिळाली की गंजण्याला हुरूप येतो. त्याच कारणानं मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवणं हे गार गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा वाईट. थोडक्यात, गाडीच्या भल्यासाठी गाडी थंड, पाणी थंड, गॅरेज थंड आणि धुणारा तर आधीच गारठलेला. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे हे सगळं डोक्याला बॅटरी बांधून. बाहेरचा नळ गोठून फुटू नये म्हणून नोव्हेंबरातच बंद केलेला असतो, म्हणून पाणी न्हाणीघरातून बादलीनं. दाबाच्या यंत्रानं फवारावं तर पाणी बेअरिंगांत घुसतं. शेवटी मी झाडांवर औषध मारायचा पाठीवरचा पंप आणला. सांगलीकडचे माझे मित्र तसाच पंप पाठीला लावून द्राक्षांवर फवारणी करतात. त्यांना निदान द्राक्षं मिळतात.

चाकं, साखळी, स्टँडची स्प्रिंग, ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे तबकडीला आवळणारे चिमटे. कॅलिपरचे पिस्टन जुन्या टूथब्रशनं घासावे लागतात, नाहीतर मीठ साचून ते अडकतात आणि ब्रेक धरला की सोडतच नाहीत. आमच्या घरातल्या प्रत्येक टूथब्रशला आता बायकोनं लाल चिकटपट्टी लावलीय. पट्टी असलेला माणसांचा, नसलेला गाडीचा. ही पद्धत कशामुळे सुरू झाली ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. धुतलेलं पाणी उतारावरून फाटकाबाहेर फुटपाथवर जातं आणि रात्रीत गोठून काच होतं. सकाळी पोस्टमन तिथून घसरला तर? म्हणून गाडीवरचं मीठ धुऊन झालं की मी कोपऱ्यावरच्या काउन्सिलच्या पिवळ्या पेटीतून बादलीभर मीठ आणतो आणि माझ्याच दारात पसरतो. सकाळी त्याच मिठावरून गाडी बाहेर काढतो.

आईला व्हिडिओ कॉलवर गाडीचा गंजलेला पाइप दाखवला. ती म्हणाली, “कोणाची तरी दृष्ट लागलीय रे. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक.” मी म्हटलं, “आई, मोहऱ्या चालतील.”

मोटरसायकलवाल्यांत या बाबतीत पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या हातचा चहाही घेत नाही. समोरच्या घरातले आजोबा झाकणपंथी. ऑक्टोबर आला, की गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला रीतसर कळवायचं, रोड टॅक्स वाचवायचा, गाडी धुऊनपुसून, चार्जरला लावून, सुती चादर पांघरून ठेवायची. त्यांनी ती काचेच्या बैठकीत ठेवलीय, बेगोनियांच्या कुंड्यांशेजारी. मी रात्री चाकाशी फतकल मारून बसलेला असतो तेव्हा ते चहाचा कप घेऊन तिच्याजवळ उभे असलेले दिसतात. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान असतं. ऑफिसातला एक सहकारी बळीपंथी आहे. हिवाळ्यापुरती पडेल किमतीची जुनी गाडी घ्यायची, तिला एक थेंब पाणी दाखवायचं नाही, वसंतात भंगारात द्यायची. हा माणूस अतिशय शांत झोपतो. त्याच्याविषयी मला आदर नाही, पण हेवा आहे.

मी फवारापंथी. आमच्या पंथाचं तीर्थ म्हणजे एसीएफ-50 नावाचं कॅनडात बनणारं तेलकट द्रव्य. ते मुळात विमानांसाठी. पत्र्यांच्या जोडांत, बोल्टांच्या फटींत शिरून पाण्याला बाहेर हुसकतं आणि पातळ थर धरून बसतं. ब्रेकच्या तबकड्या आणि टायर सोडून सगळीकडे मारायचं. चुकून तबकडीवर गेलं तर गाडी गंजणार नाही हे खरं, पण थांबणारही नाही. गॅरेजच्या फळीवर त्याच्या शेजारी डब्ल्यूडी-40चा डबा आहे, आणि तेही 1950च्या दशकात अॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं होतं. एकाला विमानाचा वारसा, दुसऱ्याला क्षेपणास्त्राचा, आणि मी जातो ताशी पन्नास मैलांच्या वेगमर्यादेत, डब्यात पोळीभाजी घेऊन, मॅक्लसफील्डला.

मामाला हा खर्च पटत नाही. शिरोड्याला पावसाळ्याआधी गॅरेजवाला डिझेलमध्ये जळकं ऑइल मिसळून गाडीला खालून फवारा मारून देतो, काम झालं. मी त्याला रबरी भागांना डिझेल सोसत नाही वगैरे सांगितलं. त्याची स्कूटर माझ्या लग्नाच्या आधीची आहे आणि माझी गाडी माझ्या मुलीपेक्षा लहान, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मामा तसा सज्जन.

फवाऱ्याचा एकच तोटा. त्या तेलकट थरावर रस्त्याची सगळी घाण बसते आणि ती साफ करायची नाही, कारण घाण गेली की थरही जातो. नुसत्या पाण्यानं मीठ उतरवायचं, साबण लावायचा नाही. त्यामुळे रोज रात्री तासभर खपूनसुद्धा गाडी दिसते ती शेणात लोळलेल्या म्हशीच्या वळणावर. बायकोचा साधा प्रश्न असतो, “मग धुतोस काय?” याला शास्त्रशुद्ध उत्तर आहे. ते ऐकायला ती थांबत नाही.

एवढं करून जातोस कशाला, बस आहे की, असं सगळेच विचारतात. बस आहे. ती तिच्या सवडीनं असते. पण एखाद्या सकाळी खिंडीत धुकं पायाखाली राहतं आणि वर निळं आभाळ असतं, अख्खा माळ दहिवरानं पांढरा, खाली पार चेशरच्या सपाटीपर्यंत दिसतं आणि रस्त्यावर दुसरं कोणी नसतं. हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी बोटांना भाजत असतात, गुडघे बधिर. त्या सकाळी बसच्या खिडकीतून बघायचं, तेही पुढच्या माणसाच्या टोपीवरून, हे मला जमायचं नाही. मग एका वळणावर टायरखाली करकर वाजतं आणि मी मनातल्या मनात संध्याकाळच्या बादल्या मोजायला लागतो.

एप्रिलच्या शेवटी ग्रिटर विश्रांतीला जातात. दोन-चार चांगले पाऊस पडून रस्ता धुतला गेला, की साबण काढायचा, फवारा उतरवायचा आणि खाली काय शिल्लक आहे ते बघायचं. याच सुमारास समोरचे आजोबा त्यांची गाडी बेगोनियांतून बाहेर काढतात. ती इतकी चमकते की माझी मान आपोआप वळते. यंदा ते रस्ता ओलांडून आले, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बरी राहिलीय की.” इंग्रज माणसाच्या तोंडून ही पुष्कळ मोठी स्तुती. मी खूश होऊन फवाऱ्याचा डबा माळ्यावर टाकायला निघालो.

“इतक्यात नको,” ते म्हणाले. “बक्स्टन आहे हे.” आणि त्यांनी मला 2 जून 1975 ची गोष्ट सांगितली. इथल्या मैदानावर डार्बीशर विरुद्ध लँकेशर सामना चालू होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 167 ठोकल्या. सोमवारी सकाळी मंडळी मैदानावर आली तर खेळपट्टीवर बर्फ! दिवसाचा खेळ रद्द.

मी विचारलं, “मग त्या दिवशी ग्रिटर आला होता का?”

ते म्हणाले, “माहीत नाही बुवा. माझी गाडी घरात होती.”