हार्ट्सची अर्धीच सांगितलेली गोष्ट

स्कॉटिश फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, सेल्टिक आणि रेंजर्स. ग्लासगोच्या त्या वैरावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय एडिनबराच्या हार्ट्सबद्दल. पूर्ण नाव हार्ट ऑफ मिडलोथियन, स्थापना 1874. हे नाव मूळचं शहरातल्या जुन्या तुरुंगाचं. तुरुंग 1817 साली पाडला, रॉयल माइलच्या फरसबंदीत दगडांचं हृदय तेवढं उरलं. क्लबच्या बिल्ल्यावर आहे ते हेच हृदय.

या क्लबची ओळख सांगताना सगळे 1914 सालावर येतात. यावंच. पण पुढे अर्धीच गोष्ट सांगतात, आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

त्या मोसमात हार्ट्स भन्नाट खेळत होते. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या सेल्टिकला 2-0 हरवलं, सुरुवातीचे सलग 8 सामने जिंकले. पण ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलेलं, आणि धडधाकट पोरं मैदानावर कशी, म्हणून फुटबॉलवाल्यांवर चहूबाजूंनी झोड उठलेली. नोव्हेंबरमध्ये ‘एडिनबरा इव्हनिंग न्यूज’मध्ये एक पत्र छापून आलं. खाली सही ‘एका सैनिकाची मुलगी’. हार्ट्सने आता ‘मिडलोथियनची पांढरी पिसं’ असं नाव घ्यावं, अशी तिची सूचना. सैन्यात न गेलेल्या तरुणांना भर रस्त्यात भेकड ठरवायला बायका पांढरं पीस द्यायच्या, तो हा टोमणा.

25 नोव्हेंबरला हार्ट्सच्या 11 खेळाडूंनी सर जॉर्ज मक्रे यांच्या नव्या बटालियनमध्ये नाव घातलं. मागोमाग शेकडो चाहते गेले. रेथ रोव्हर्स, फॉलकर्कचे खेळाडू गेले, कट्टर प्रतिस्पर्धी हिब्सचे पाठीराखेही गेले. मग कवायत, रात्रीचे लांबलचक मार्च, लसींचा ताप, आणि शनिवारी सामना. जवळजवळ सगळा मोसम पहिल्या क्रमांकावर राहून शेवटी विजेतेपद 4 गुणांनी सेल्टिककडे गेलं.

जेम्स स्पीडी 1915 च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत पडला. त्या मोसमात गोलांचा पाऊस पाडणारा टॉम ग्रेसी ऑक्टोबरमध्ये ल्युकेमियाने गेला. 1 जुलै 1916 ला, फ्रान्समधल्याच सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॅटी हे तिघे मारले गेले. पुढे जेम्स बॉइड, जॉन ॲलन. पहिल्या संघातले सात.

याला आपण ‘बलिदान’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्या पोरांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्यांनी त्यांना लाजवलं, त्यांचं काय? पत्र लिहिणाऱ्यांना काहीच किंमत मोजावी लागली नाही. एडिनबरातल्या हेमार्केटला 1922 मध्ये उभारलेल्या, या खेळाडूंच्या घड्याळाच्या स्मारकापाशी दर नोव्हेंबरमध्ये फुलं वाहतात. माझं स्पष्ट मत आहे, की तिथे ते पत्रही दरवर्षी मोठ्याने वाचावं. खेळाडूंचं शौर्य तर लहान मुलांनाही कळतं. समाज माणसाला खंदकापर्यंत कसा ढकलतो, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

सोमच्या रणभूमीवरच्या कॉन्तालमेझों गावात मक्रे यांच्या बटालियनचं दगडी स्मारक व्हावं, असं युद्ध संपल्यावर लगेच ठरलं होतं. झालं 2004 मध्ये. इतकी वर्षं!

या क्लबच्या चाहत्यांनी मात्र साथ कधी सोडली नाही. 2013 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात होता. उद्योजिका ॲन बज यांनी तो विकत घेऊन सावरला आणि हजारो साध्या माणसांनी दरमहा आपापल्या पगारातून पैसे भरायला घेतले. विजेतेपदाची आशा नाही, नफ्याचा प्रश्नच नाही, तरी भरत राहिले. 2021 मध्ये बहुमताची मालकी त्यांच्या संस्थेकडे, ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’कडे आली. 1914 मध्ये याच निष्ठेला टोमणे मारून रणांगणावर नेलं होतं. या वेळी कोणी लाजवलं नव्हतं, लोक आपणहून आले.