लपायचं सॉफ्टवेअर आणि आख्खी सोसायटी

इंटरनेटवर आपण काय बघतो ते कोणाला कळू नये म्हणून मी जे सॉफ्टवेअर टाकलं, त्याबद्दल आज पाचपाखाडीत ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. वॉचमनला माहितीये, इस्त्रीवाल्याला माहितीये, खालच्या डेअरीवाल्याने तर परवा सुट्टे देता देता विचारलं, साहेब तुमचं ते झालं का चालू.

आता मुळात मला लपायची गरज काय, तर ऑफिसातल्या एकाचे वडील गेले आणि त्याने विचारलं की तेराव्याच्या जेवणाला ठाण्यात कोण चांगला केटरर आहे, तर मी रात्री घरच्या कंप्युटरवर शोधून त्याला दोन नंबर पाठवले आणि विसरून गेलो. मी विसरलो, कंप्युटर नाही विसरला. आमचे सासरे अँजिओप्लास्टी झाल्यापासून आमच्याकडेच आहेत आणि रोज सकाळी चहा घेऊन ते त्याच कंप्युटरवर बातम्या वाचतात. बातमी पावसाची, बाजूला जाहिरात अंत्यविधी सेवा, चोवीस तास, फोन करताच गाडी हजर. पुढची बातमी क्रिकेटची, तिच्या मधोमध पिंडदानाचं पॅकेज, एसी गाडीसकट. असं आठवडाभर चाललं. सासरे एक शब्द बोलले नाहीत. फक्त एका रात्री वरण वाढून घेताना म्हणाले, "जावईबापू, डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काही वेगळं सांगितलंय का?"

मग भाच्याला बोलावलं. तो ऐरोलीला आयटीत आहे, रविवारी आला, चार बटाटेवडे खाल्ले आणि टॉर ब्राउझर टाकून दिला. डेस्कटॉपवर जांभळा कांदा आला, ते टॉरचं चिन्ह. भाच्याने समजावलं ते असं, की मामा तुझी रिक्वेस्ट सरळ वेबसाइटला जात नाही, जगभरात लोकांनी हौसेने चालवलेल्या मशीन्स आहेत त्यातल्या तिघांमधून फिरून जाते, पहिल्याला तू कोण ते माहीत असतं पण कुठे चाललायस ते नाही, शेवटच्याला कुठे चाललायस ते माहीत पण तू कोण ते नाही, आणि मधल्याला दोन्ही नाही. (मधल्याशी माझं लगेच जमलं, मी मिडल मॅनेजमेंटमध्ये आहे.) ही कल्पना 1990च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली म्हणे. पण फक्त नौदलानेच वापरलं तर तिथून जो बाहेर पडेल तो नौदलाचाच हे शेंबड्या पोरालाही कळेल, म्हणून सगळ्या जगाला फुकट खुलं केलं. लपायचं तर गर्दी पाहिजे. सकाळी सव्वाआठला ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर जो उभा राहिलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, तिथे माणूस स्वतःला सापडत नाही, दुसऱ्याला काय सापडणार.

तर ते छान चाललं होतं. सासऱ्यांना आता कसल्या जाहिरातीच दिसत नव्हत्या असं नाही, पण वेगळ्या देशातल्या वेगळ्या माणसाच्या दिसायच्या, बर्फावर घालायचे बूट वगैरे, त्यात त्यांना काही अपमानास्पद वाटलं नाही.

मग गणपती आले, आम्ही सहकुटुंब चिपळूणला गावी, जाताना बायकोने नेहमीसारखा गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. गौरी-विसर्जन उरकून, हायवेवर कंबरेचे जे काय व्हायचे ते हाल करून परत आलो, कंप्युटर लावला, आणि कांद्यावर टिचकी मारली तर ती जांभळी पट्टी एक तृतीयांश पुढे जाऊन थांबली ती थांबलीच. ढिम्म. भाच्याला फोन. "मामा, अपडेट झाला नसेल, अपडेट कर." आता यातली गंमत ऐका. हा ब्राउझर स्वतःचं अपडेटसुद्धा टॉरमधूनच आणतो, म्हणजे जोडलं गेल्याशिवाय अपडेट नाही आणि भाचा म्हणतो अपडेट झाल्याशिवाय जोडणार नाही. असलं कोडं मी याआधी फक्त रेशनकार्डावर पत्ता बदलताना बघितलंय.

शेवटी साध्या ब्राउझरमधून त्यांच्या साइटवर जाऊन नवी फाइल उतरवली, तर अँटिव्हायरसने तिला दरवाज्यातच पकडून क्वारंटाइनमध्ये टाकलं. ती सोडवून आणली. परत टाकली. पट्टी परत त्याच जागी.

इथे बायकोने, केवळ माझं भलं व्हावं म्हणून, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की आमच्या ह्यांचा टॉर चालत नाहीये, कोणाला येतं का. दहा मिनिटं शांतता. मग कोणीतरी लिहिलं, ते डार्क वेबवालं ना. मग तळमजल्यावरच्या काकूंचा व्हॉइस मेसेज, पोलीस येणार असतील तर आधी सांगा, माझं गेटजवळ लोणचं वाळत घातलंय. आणि मग माणसं यायला लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये इंजिनियर नाही असं घरच नाही, आणि प्रत्येकाने येऊन आपापला इलाज केला. एकाने राउटर बंद करून चालू केला. एकाने फायरवॉलमध्ये काहीतरी उघडलं, पुढच्याने येऊन ते कोणी उघडलं म्हणून डोकं धरून बंद केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने ब्रिज लावले, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या चोरवाटा, आधी ओबीएफएस-4 नावाची, मग स्नोफ्लेक. हे खरं तर इराण-चीनसारख्या ठिकाणी जिथे टॉर अडवतात तिथल्या लोकांसाठी आहेत, पण तिचं म्हणणं असं की लावून बघायला काय जातंय. जात काहीच नव्हतं, येतही काही नव्हतं. एकाने विंडोज नवीन टाकू या असं सुचवलं, त्याला चहा न देता पाठवला. दर माणसामागे मी आधी हे सांगायचं की मला हे कशाला हवंय, म्हणजे तेराव्याची गोष्ट पहिल्यापासून, आणि सासरे शेजारच्या खुर्चीत बसून ती दर वेळी ऐकायचे.

सासरे म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून रिटायर्ड टाइमकीपर. आयुष्यभर कोण किती मिनिटं लेट आला हेच लिहिलं. एका संध्याकाळी इंजिनियर मंडळी पडद्याच्या मध्यावर नाक लावून बसलेली असताना ते मागून म्हणाले, "गौरी जाऊन इतके दिवस झाले आणि याच्यात अजून गणपती यायचेत हो."

सगळ्यांनी उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. कंप्युटरच्या मते आम्ही अजून चिपळूणला निघालोच नव्हतो. कंप्युटर बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा आतला तो नाण्याएवढा सेल मरायला टेकला होता, मेन स्विच बंद झाला तसं घड्याळ जिथल्या तिथे थांबलं, आणि फरक दिवसांचा असल्यामुळे विंडोजनेही आपणहून दुरुस्त केलं नाही. बाकीच्या साइट्सना फरक पडला नाही पण टॉरला पडतो, कारण कुठली मशीन्स चालू आहेत त्याची यादी दर तासाला नवीन निघते आणि तीन तास ग्राह्य धरतात. आमच्या कंप्युटरने यादी मागवली, वरची तारीख बघितली आणि ही भविष्यातली आहे म्हणून बाजूला ठेवली. टॉर आपल्या कामाची जी नोंद ठेवतो त्या लॉगमध्ये हे सगळं सरळ इंग्रजीत लिहिलेलं होतं, तुमचं घड्याळ इतकं इतकं मागे आहे, तपासा. पण लॉगची शेवटची ओळ सोडून वरचं वाचायची आयटीत पद्धत नसावी.

आणि ती यादी ठरवतं कोण, तर जगात नऊ ठिकाणी बसलेली नऊ मशीन्स, दर तासाला मतदान घेऊन. दर तासाला! आमच्या कमिटीचं गेस्ट पार्किंगवर 2019पासून एकमत व्हायचंय.

जांभळी नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर 2032 सेल आणला, बसवला, तारीख लावली, पट्टी सरसर पुढे गेली. सासऱ्यांनी कोणाचंच अभिनंदन स्वीकारलं नाही, फक्त "लेट मार्क" एवढंच म्हणाले.

चालू झाल्यावरचे त्रास वेगळे आहेत, ते मी धरत नाही. शेवटचं मशीन जर्मनीत निघालं की साइट जर्मनमध्ये उघडते. खिडकी मोठी केली की कडेने राखाडी पट्टे येतात, कारण स्क्रीनच्या मापावरूनही माणूस ओळखता येतो म्हणे. आणि दर दोन पानांनी मी रोबो नाही हे सिद्ध करायला झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा, जे मला जमत नाही, मी जन्मापासून ठाण्यात राहतो.

काल संध्याकाळी आमचे सेक्रेटरी आले. बगलेत लॅपटॉप. आत येऊन आधी दार लावून घेतलं, खिडकीकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "ते तुमचं लपायचं माझ्यातही टाकून द्या, पण कोणाला बोलू नका." मी म्हटलं वा, गर्दी वाढतेय, आपल्याच फायद्याचं आहे. टाकून दिलं, तारीखही तपासली, कांदा उघडला, जोडला गेला. सेक्रेटरींनी समाधानाने बोटं मोडली, फेसबुक उघडलं, स्वतःच्या पूर्ण नावाने लॉगिन केलं आणि माझ्याबरोबर सेल्फी काढून टाकला, 'आजपासून टॉरवर', खाली आख्ख्या सोसायटीला टॅग.